उलटं डफडं

मला कुणी विचारलं न्हाय, तरी सांगतो. बावीस वर्षं मी पालिकेची दवंडी पिटली. गावाचं नाव घेत न्हाय. बारामतीवरनं इंदापूरला मोटार जाती त्या अंगाचं एक गाव, एवढं पुरं. नाव घेतलं की उद्या कुणीतरी काठी घेऊन दारात यील, आमच्या गावाची अब्रू काढलीस म्हणून. गावाची कसली अब्रू जातीय! गेली ती माझी, आन् तीबी कुणाला कळली न्हाय.

माझं नाव गेणू. डफडं माझ्या आज्याचं. कातडं दोनदा बदललं, कडं तेच. कमरेला पट्टा, पट्ट्याला पितळी बिल्ला. सभेत काय ठरलं की कारकून मला बोलवायचा आन् तीनदा वाचून दाखवायचा. मला अक्षर येत न्हाय, पण एकदा कानात शिरलेलं बाहेर पडत न्हाय. मग मी आळीआळीनं वाजवत जायचो. 'ऐका हो ऐका' म्हणलं की बाया पिठाचे हात घेऊन तशाच दारात यायच्या, म्हातारे खोकला दाबून धरायचे. मामलेदार आला तरी एवढं गप बसून त्याचं कुणी ऐकत न्हवतं. मला त्याची लई मिजास व्हती. खोटं कशाला बोलू?

पुढचं सांगायच्या आधी आमच्या गावची रीत सांगतो, न्हायतर तुमी मला मधीच अडवाल. आमच्याकडं दवंडी ज्या आळीत वाजली त्या आळीचीच. आडात औषध टाकायचं असलं की ज्यांचा आड त्यांच्या आळीत वाजणार, कुत्री धरायची असली की ज्या आळीत कुत्री माजली तितं वाजणार. त्यामुळं पलीकडच्या आळीतला आवाज कानावर आला तरी माणूस कूस बदलून झोपायचा. "त्यांचं हाय ते. आपल्याकडं कुठं वाजलंय?" म्हणायचा. चुकीचं न्हवतं. आज्याच्या काळापास्नं तसंच चाललेलं.

आन् दुसरं माझ्या बापानं शिकवलेलं. ज्या आळीत सुतक हाय तितं डफडं वाजवायचं न्हाय. दहा दिवस न्हाय म्हंजी न्हाय. जायचंच झालं तर डफडं उलटं करायचं, कातडं पोटाकडं घ्यायचं, काखेत दाबायचं आन् मान खाली घालून निघून जायचं. दहावं झालं की मग राहिलेली दवंडी द्यायची. बाप म्हणायचा, "माणूस गेलंय तितं आवाज करायला आपुन काय वरात काढलीय व्हय?"

साल छत्तीस. चैत्र सरत आला व्हता. सभेनं एका दिवसात तीन ठराव केले. बाजारतळापास्नं मोटारतळापर्यंतचा रस्ता सरळ आन् रुंद करायचा. सरळ केल्यावर वाकणावर जागा सुटंल तितं बाग करायची, तिच्यासाठी निधी मंजूर. आन् गावात जागोजाग पाट्या लावायच्या, रस्त्याच्या नावाच्या, आळीच्या नावाच्या. पालिकेचे प्रेसिडेंट आबासाहेब. माणूस वाईट न्हवता. हे आधीच सांगून ठेवतो, म्हंजी समदं त्याच्यावर ढकलून तुमी मोकळं व्हायला नको. त्याला गाव नीटनेटकं पायजे व्हतं. पुण्याला जाऊन आला की आठ दिवस रस्त्याबद्दलच बोलायचा.

त्या वाकणावर एका बाजूला सोपान माळ्याची लिंबाची बाग आन् समोर धनगरआळीतलं कोपऱ्याचं घर. ते घर बिरूचं. रस्ता मोजणाऱ्या ओव्हरशेरनं काढलेली रेघ दोघांनाबी थोडी लागत व्हती. सोपानची लिंबाची दोन वळी जाणार आन् बिरूच्या घराचा नुसता ओटा. घर राहणार. कारकूनानं मला वाचून दाखवलं ते असं, की ज्याची काय हरकत आसंल त्यानं पंधरा दिवसांत कचेरीत येऊन अर्ज द्यावा, सभा त्याचा इचार करील. मागनं आलेल्याचं ऐकून घेतलं जाणार न्हाय.

बिरू चार दिवसांमागं मेला व्हता.

बाभळीवर चढला व्हता, शेरडांना शेंगा पाडायला. फांदी तुटली. त्याच्या बापाच्या कळपात दोनशे मेंढरं व्हती म्हणायचे. बिरूपाशी शेरडं तेवढी चार राहिली व्हती, आन् तो कालव्याच्या कामावर मातीच्या पाट्या वाहायचा. त्याच्या मातीला आठ माणसं. बाजाराचा दिवस व्हता, समदे भाजीपाल्याच्या मागं. मीबी कचेरीत व्हतो.

ते घर त्यानं एकट्यानं बांधलं. कालवा खणताना निघालेले दगड रोज संध्याकाळी येताना एक डोक्यावर, एक खांद्यावर असे आणायचा. पाच वर्षं आणले. बायकू सारजा बुटकी. लई बुटकी, जात्यापाशी बसली तर जातं मोठं दिसायचं. तिचा हात पोचावा म्हणून बिरूनं भिंतीतले कोनाडे समदे खाली ठेवले, आपल्या गुडघ्याच्या जरा वर. दिवा ठेवायचा कोनाडा, मिठाच्या गाडग्याचा कोनाडा, फणीचा कोनाडा, समदेच. लोक हसायचे. मीच म्हणलो व्हतो, "बिरू, घर माणसांसाठी बांधतुयास का कोंबड्यांसाठी?" तो म्हणला, "तिला उड्या मारायला लावू व्हय? मी वाकीन की." आन् जन्मभर वाकला गडी.

तर दवंडीचा दिवस. माळ्यांच्या आळीत वाजवली. सोपान स्वतः दारात उभं राहून ऐकत व्हता, दोनदा विचारून घेतलं, किती दिवस, कुणाकडं द्यायचा. बाजारपेठेत वाजवली. वरच्या आळीत वाजवली. मग धनगरआळीच्या तोंडाशी आलो आन् हात आपोआप थांबला. डफडं उलटं केलं, काखेत घातलं आन् चालायला लागलो.

सारजा दारात बसली व्हती. पदर तोंडावर न्हवता. नुसती बसली व्हती, पुढ्यात सूप आन् सुपात काय न्हाय. तिनं वर बघितलं. माझ्याकडं न्हाय, काखेतल्या डफड्याकडं. मग एकदा मान हलवली आन् परत खाली बघायला लागली. मी पुढं गेलो. दहावं सहा दिवसांवर व्हतं. मनात म्हणलं, दहावं झाल्यावर यीन, सगळं नीट सांगीन, वर नऊ दिवस हातात राहत्यात. घाई कसली?

तोंडी सांगायचं व्हतंस की, असं तुमी म्हणाल. मीबी नंतर हजारदा म्हणलोय. पण आमच्याकडं चौथ्या दिवशी कुणी दारात जाऊन 'तुझा ओटा जाणाराय' असं म्हणत न्हाय. जीभ उचलत न्हाय.

सांजच्याला कचेरीत गेलो. कारकूनानं कागद पुढं केला. "सगळीकडे झाली ना?"

खरं सांगितलं असतं तर तो म्हणला असता, आत्ताच्या आत्ता जा आन् वाजवून ये. त्याला सुतकाचं काय पडलंय? त्याचा कागद पुरा झाला पायजे. मी म्हणलो, "झाली." त्यानं शाईची डबी सरकवली आन् मी अंगठा दाबला. सहा दिवसांचाच तर सवाल व्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटं मला उठवून मोटारीत बसवलं. नरसिंहपूरची जत्रा तोंडावर आलेली, पटकीची आवई उठलेली. संगमावर पाण्यात लाल औषध टाकायला तालुक्यातनं माणसं मागवलेली, त्यात मी. आठ दिवसांत परत सोडणार व्हते. आठ दिवस धरले तरी पुष्कळ वेळ राहत व्हता. पण तितं खरंच दोघंतिघं गेले आन् मग कुणालाच सोडीनात. भीमेच्या वाळूत बसून मी बोटांवर दिवस मोजायचो. आज दहावं झालं. आज आठवा दिवस. आज बारावा. चिठ्ठी लिहून घ्यावी, जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती धाडावी, असं मनात आलं व्हतं. कळसचा एक माणूस आमच्या गावावरनं रोज येत-जात व्हता, त्यानं नेलीबी असती. पण चिठ्ठीत काय लिहायचं? मी खोटा अंगठा दिला म्हणून? आज-उद्या सोडतील म्हणत राहिलो. एकोणिसाव्या दिवशी सोडलं.

मोटारतळावर उतरलो तर वाकणावर चुन्याच्या रेघा. आधी मला वाटलं, बरोबर, ओट्यावरनं जाणारी रेघ. मग जवळ गेलो. रेघ ओट्यावर न्हवती. पांढरी फक्क रेघ सारजाच्या उंबऱ्यावरनं आत घुसली व्हती, चुलीपासनं मागच्या भिंतीतनं बाहेर पडली व्हती. सगळं घर रस्त्यात.

झालं असं, की सोपाननं अर्ज दिला. त्यानं काय पाप केलं न्हाय. लिंबं त्याची, दवंडी ऐकली, अर्ज दिला. सभेनं बघितलं, एका बाजूची हरकत हाय आन् दुसऱ्या बाजूची कसलीच न्हाय. मग रेघ सरकवली. ज्या बाजूनं कुणी बोललं न्हाय त्या बाजूला सरकवली. मीबी तितं असतो तर तिकडंच सरकवली असती.

सारजा शेरडांना पाणी पाजत व्हती. "आलास व्हय गेणूदादा," म्हणली. "ह्या कसल्या रं रेघा? परवा दोघं आले आन् घरातनं चुना टाकत गेले. मी म्हणलं, आवं, दिवाळीला येळ हाय अजून."

"रस्त्याच्या हायेत," मी म्हणलो.

"रस्त्याचं मी भाजीबाजारात ऐकलं व्हतं. पण आपल्या आळीत कुठं दवंडी झाली? म्हणून मी म्हणलं, आपल्यातनं जात नसणार."

मी तिथनं सरळ कचेरीत गेलो. एवढं तरी केलं. कारकूनाला म्हणलो, "अण्णा, एक आळी राहिली व्हती." त्यानं दप्तर उघडलं, कागद काढला, माझा अंगठा मला दाखवला. "हा कुणाचा? गेणू, खोटा अहवाल दिल्यावर काय होतं ठाऊक आहे ना? पट्टा काढून घेतात. आणि तुझ्या एका आळीपायी सगळा ठराव पहिल्यापासून करायचा का? जा घरी. दमून आलायस." तो काय ओरडला न्हाय. ओरडला असता तर मीबी ओरडलो असतो.

घरी भागूबाईला, म्हंजी माझ्या बायकूला, समदं सांगितलं. तिनं भाकरी थापायची थांबवली. "मग सभेत जाऊन सांग."

"पट्टा जाईल."

"जाऊ दे. तिचं घर चाललंय आन् तू पट्टा कवटाळून बसलास? आगं बया! तुझ्या बापानं असलं शिकवलं व्हतं व्हय तुला?"

"बापानंच शिकवलं म्हणून तर झालं हे."

"त्यानं डफडं उलटं करायला शिकवलं. खोटा अंगठा उठवायला न्हाय शिकवलं." आन् परत भाकरी थापायला लागली. त्या दिवशीची भाकर जाड झाली.

पुढच्या सभेला सारजा आली. कुणीतरी तिला सांगितलं, की तितं जाऊन बोलल्याशिवाय काय व्हत न्हाय. मधल्या दारात उभी राहिली, बुटकी, मागच्या माणसांना वाटलं पोरगीच उभी हाय. मी भिंतीला टेकून माझ्या जागेवर, पट्टा-बिल्ला घालून. आदल्या रातीपास्नं ठरवून आलो व्हतो, आबासाहेबांनी विचारलं तर खरं सांगायचं. देवाशपथ ठरवलं व्हतं.

आबासाहेब तिच्याशी नीट बोलले. "बाई, तुमचं दुःख आम्हांला कळतं. पण मुदत होती पंधरा दिवसांची. तुम्ही तेव्हा का आला नाहीत? सोपानराव आले, त्यांचं ऐकलं. तुमचंही ऐकलं असतं."

"आमच्या आळीत दवंडी न्हाय झाली, सायेब."

सभेत कुजबूज झाली. आबासाहेबांनी कारकूनाकडं बघितलं, कारकूनानं कागद पुढं केला. आबासाहेबांनी तो वाचला आन् मग माझ्याकडं वळले. "गेणू. दिली होती का दवंडी धनगरआळीत?" आन् जरा थांबून म्हणले, "नसेल दिली तर तसं सांग. मग आम्हांला रेघ पुन्हा बघावी लागेल."

बघा, किती सोपं करून दिलं त्यांनी. एक 'न्हाय' म्हणायचं व्हतं. घर राहत व्हतं, ओटा गेला असता फक्त. पट्टा गेला असता माझा. भीक काय मागावी लागली नसती. धडधाकट माणूस व्हतो, कालव्यावर काम मिळालं असतं. हे समदं मला तवा कळत व्हतं. कळत न्हवतं असं न्हाय.

"दिली," मी म्हणलो.

का म्हणलो? भ्यालो. दुसरं काय सांगू? समदी सभा माझ्याकडं बघत व्हती आन् मी भ्यालो.

सारजानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग माझ्या काखेकडं बघितलं. त्या दिवशी डफडं तितं न्हवतं, पण तिनं तितंच बघितलं. तिला आठवत व्हतं. सुपात काय नसलं तरी तिनं त्या दिवशी समदं बघितलेलं. आता बोलंल, आता म्हणंल, 'हा उलटं डफडं घेऊन गेला माझ्या दारावरनं,' असं मला वाटलं. खरं सांगतो, बोलावं असं वाटलं. ती बोलली असती तर मी सुटलो असतो.

ती आबासाहेबांकडं वळली. "आसंल दिली," म्हणली. "माझंच ध्यान न्हवतं तवा. नवरा गेलेला. कानावर आलं नसंल माझ्या."

आन् हात जोडून निघून गेली. आबासाहेबांना वाईट वाटलं. त्यांनी तिला कालव्यापलीकडं, पिंपळीच्या वाटेला, एक मोकळी जागा द्यायचा ठराव तितंच करून घेतला. तो मंजूर झाला. मग पाटीच्या लाकडाचा विषय निघाला, सागाचं घ्यायचं का बाभळीचं. त्यावर तासभर बोलणं झालं. मी उभाच व्हतो. तवापास्नं माझं असं झालंय, की कशाचं काय वाटत न्हाय. जेवतो, हसतो, शिव्याबी देतो. पण आत काय हलत न्हाय. आई गेली तवाबी हललं न्हाय. भागूबाई म्हणायची, "तुला काय बाधा झालीय का?" मी म्हणायचो, "न्हाय."

दिवाळीनंतर घर पाडलं. दवंडी द्यायला मीच गेलो, आबासाहेबांचा हुकूम व्हता, ह्या खेपेला धनगरआळीत दोनदा वाजव. दोनदा वाजवली. सारजानं आधीच सामान हलवलं व्हतं. सामान ते काय, चार भांडी, जातं आन् शेरडं. पाडणारे चार गडी बारामतीकडनं आणलेले. त्यांनी छप्पर काढलं, भिंती उघड्या पडल्या आन् ते कोनाडे दिसायला लागले, समदे गुडघ्यापाशी. एक गडी हसायला लागला. "आरं हे काय? हितं ऱ्हात कोण व्हतं, बाहुल्या?" दुसरा म्हणला, "कोंबड्यांचं खुराडं आसंल." माझाच जुना इनोद, माझ्यापुढं परत आला. ते दगड रस्त्याच्या भरावात गेले. बिरूनं पाच वर्षं आणलेले दगड दोन दिवसांत फोडून झाले.

रस्ता झाला. चांगला झाला, न्हाय कसं म्हणू? मोटारी वाकणावर उलटायच्या त्या थांबल्या. बाग झाली. कण्हेर, जास्वंद, मधी एक गोल कट्टा. आन् जितं सारजाचा उंबरा व्हता बरोबर तितं, रस्त्याच्या कडंला, खांब रोवला आन् वर पाटी लावली. सागाची. पाटी लावायच्या दिवशी शिडी मी धरली व्हती. कारकूनानं जमलेल्या लोकांना वाचून दाखवलं: बागेत यायचं सकाळी अमुक वाजता, जायचं संध्याकाळी तमुक वाजता, फुलं तोडायची न्हाईत, आन् शेवटी, 'गुरे, शेळ्या, मेंढरे आत आणू नयेत.' लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पहिल्यांदा वाजवत त्या खांबापाशी आलो तवा माझा हात थांबला. डफडं उलटं झालं, काखेत गेलं. खांब ओलांडला, वीस पावलं पुढं गेलो, मग परत वाजवायला लागलो. पुढच्या खेपेलाबी तसंच. लोक विचारायचे, "गेणू, कोण गेलं रं हितलं?" मी म्हणायचो, "कुणी न्हाय." दोन-चार महिने विचारलं, मग सोडून दिलं. म्हाताऱ्याला सवय लागलीय, म्हणायचे. म्हातारा कसला, पन्नाशीबी न्हवती.

सारजा भाजी इकायला लागली. कालव्यापलीकडनं रोज चालत यायची. सोपानच्याच मळ्यातली मेथी, चाकवत, कोथिंबीर घ्यायची आन् त्या पाटीच्या खाली बसायची. दुसरीकडं जागा न्हवती असं न्हाय. तितंच बसायची. मी डफडं उलटं करून तिच्यासमोरनं जायचो. ती मेथीवर पाणी मारत असायची. तीन वर्षं ती मला काय बोलली न्हाय आन् मी तिला काय बोललो न्हाय.

साल एकोणचाळीस. सभेनं ठराव केला, की आता आळीआळीत पाट्या झाल्या, लिव्हायला काळे फळे झाले. हुकूम फळ्यावर लागतील, दवंडी बंद. आन् हे लोकांना कळवायचं कसं? तर दवंडी देऊन! मला हसू आलं. कारकूनालाबी आलं. शेवटची दवंडी पिटायला निघालो. माळ्यांच्या आळीत वाजवली, पेठेत वाजवली, आन् खांबापाशी आल्यावर रोजच्यासारखं डफडं उलटं केलं.

"आज काय सांगतुयास?" सारजा म्हणली.

तीन वर्षांत पहिल्यांदा. मी थांबलो. "आजपास्नं दवंडी न्हाय. समदं फळ्यावर लिव्हणार. ज्यानं त्यानं वाचायचं."

"मला कुठं वाचता येतंय?"

"मलाबी न्हाय."

ती मेथीची जुडी बांधत व्हती. मी उभाच. मग माझ्या तोंडातनं निघालं, "सारजाबाय, त्या दिवशी सभेत तू बोलली का न्हाईस? तुला ठावं व्हतं."

"व्हय. ठावं व्हतं."

"मग?"

तिनं जुडी ठेवली. "त्याच्या मातीला आठ माणसं आली, गेणूदादा. बाजार व्हता त्या दिवशी. मागनं दारावरनं बैलगाड्या गेल्या, घुंगरं वाजवत गेल्या, कुणी एक थांबलं न्हाय. तू तेवढा डफडं उलटं करून गेलास. सगळ्या गावात त्याच्या मरणाचा मान राखला तो तू एकट्यानं. त्याच्यापायीच तुझा पट्टा गेला असता. मी कुठल्या तोंडानं सांगू?"

मी माफी मागावी असं मला वाटलं. वाटलं म्हंजी, मागायला पायजे हे कळलं. ओठ हलले न्हाईत.

"मला वाटलं तूच सांगशील," ती म्हणली. रागानं न्हाय म्हणली. भाजीचा भाव सांगावा तसं म्हणली. मग काखेतल्या डफड्याकडं बोट केलं. "आन् आता ते सरळ कर. लोक हसत्यात तुला."

"राहू दे की."

"कशापायी? वाजव, गेणूदादा. हितं आता कोण ऱ्हातंय?"

मी डफडं सरळ केलं आन् वाजवलं.